‘माले भूक नही’

ताई, नमस्कार. आम्ही जळगावला एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत राहतो. मूळ पारोळा तालुक्यातले, इकडे येऊन नऊ वर्षं झाली. माझं माहेर शहाद्याकडचं. मी डाळ मिलमध्ये रोजाने जाते, पोरांचे वडील हमाली करतात. घरात सासूबाई, मुलगी आणि तिच्या पाठचे दोन भाऊ. मुलगी पंधरा पूर्ण आहे, दहावीत. हुशार आहे, नववीला ७८ टक्के होते. दिवाळीपासून तिचं जेवण तुटलं आहे. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. येताना पाच रुपयांची कुरकुऱ्याची पुडी. रात्री अर्धी भाकर. जेव म्हटलं की ‘माले भूक नही’ म्हणते. मागच्या महिन्यात शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर ८.६ निघालं. गोळ्या दिल्या, पण त्यांनी मळमळतं म्हणून आठ दिवसांत सोडल्या. केस गळतात. भावांवर हात उगारते, मग कोपऱ्यात बसून राहते. रात्री जागी असते. सासूबाई म्हणतात, ‘आंडेरना नखरा शेतस’, म्हणजे पोरीचे नखरे आहेत, दहावी झाली की स्थळ पाहू, सासरी गेली की आपोआप खाईल. शेजारीण म्हणते बीट आणि डाळिंब दे. एक जण म्हणते बाहेरचं काही लागलं असेल, दाखवून घे. बीट-डाळिंब मी रोज कुठून आणू? तिला काय खाऊ घालू ते सांगा. अंडं दिलं तर चालेल का? आता थंडी आहे, पण उन्हाळ्यात उष्ण पडेल असं म्हणतात.
– एक आई, जळगाव

ताई, नमस्कार.

पत्र तुमचं आहे, अक्षर मात्र तुमचं नसावं. वहीचं पान मधून नीट काढलेलं, समासाची रेघ मारलेली, वेलांट्या गोलसर आणि एकसारख्या. हे दहावीतल्या पोरीचं अक्षर. ‘रात्री जागी असते’ या ओळीत आधी ‘रडते’ लिहिलं होतं. ते खोडून वर ‘जागी असते’ केलं आहे. तुम्ही सांगत गेलात आणि लेक लिहीत गेली, असा माझा अंदाज. चुकला असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर या उत्तराचा शेवटाकडचा थोडा भाग तिच्यासाठी आहे, तो तिला एकटीला वाचू द्या.

आधी त्या ८.६ चं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. म्हणजे तुमची लेक काठावर उभी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५७ मुलींचं रक्त कमी निघालं होतं. तेव्हा प्रार्थनेला त्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी तिची एकटीची ही गोष्ट नाही. ती पडली म्हणून कळलं, एवढंच.

हे नुसत्या खाण्यानं भरून निघेल का, असं तुमच्या पत्राचा सूर विचारतो. नाही निघणार. हिशोब करू. तिच्या वयाला दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम लोह लागतं. १०० ग्रॅम बाजरीत ते सहा-साडेसहा मिलिग्रॅम असतं. एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ धरलं तर चारेक मिलिग्रॅम झालं. ती अर्धी भाकर खाते, म्हणजे दोन. धान्या-भाजीतलं लोह अंगाला लागतं तेही थोडंच, बरंचसं तसंच निघून जातं. म्हणून गोळ्या बंद करणं ही या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट आहे. जेवण सुधारायचंच, पण आधी गोळी पुन्हा सुरू.

मळमळ का झाली असेल ते मी न बघता सांगू शकते. गोळी सकाळी घेतली असणार, चहाच्या घोटाबरोबर, पोटात दोन टोस्ट. रिकाम्या पोटी लोहाची गोळी भल्याभल्यांना उलटवते. शिवाय चहा लोहाला अडवतो, म्हणजे मळमळही झाली आणि गोळीही वाया गेली. आता ती रात्री जेवणानंतर द्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा तिच्या आगेमागे तासभर तरी नको. संडासला काळं होईल, त्याला घाबरू नका, ते गोळीचं आहे. तरीही मळमळलं तर ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांच्याकडे जाऊन गोळी किंवा मात्रा बदलून मागा. मनानं सोडायची नाही. हे साधारण तीन महिन्यांचं काम आहे. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासायचं, आकडा हलतोय का बघायला. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून असते, झालेला रक्तक्षय तिच्यानं भरत नाही. ती मिळते हे डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे झालं. १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळेत जंताची गोळी देतात, त्या दिवशी तिला घरी ठेवू नका. आणि लोहाच्या गोळ्यांचं पाकीट दोन्ही पोरांच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवा. लहान पोरानं गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून विचारा. एक, सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची तपासणी. तुमचं माहेर शहाद्याकडचं म्हणून म्हणते. नंदुरबार-धुळ्याच्या सातपुड्याच्या बाजूला हा आजार बऱ्याच घरांत आहे. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून आला तर मूल आजारी पडतं, एकाकडूनच आला तर ते नुसतं वाहक राहतं. तिला सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं असं काही नसेलही, पण तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि तो आजार निघाला तर उपचार वेगळे असतात, नुसत्या लोहानं भागत नाही. दुसरी गोष्ट पाळीची. किती दिवस जाते, दिवसात किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात, गाठी पडतात का. सात दिवसांच्या वर जात असेल तर आपण भांडं वरून भरतोय आणि ते खालून गळतंय. हे तिला तुम्हीच विचारा, सासूबाईंसमोर नको.

बिटाचं काय? बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, हा हिशोब रंगाचा आहे. त्यात लोह फार नसतं. डाळिंबाचंही तसंच. परवडत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. आपल्या जळगावच्या केळ्याबद्दलही लोक असंच बोलतात. केळं चांगलं, पोट भरतं, ताकद देतं, उतरत्या भावात मिळालं तर जरूर घ्या, पण रक्तासाठी त्याच्यावर विसंबू नका. रक्ताचं सामान तुमच्या फडताळात आहे. बाजरी आहे. कळण्याची भाकर आहे. ज्वारीत उडीद सालीसकट दळून घेतला की नुसत्या ज्वारीपेक्षा ती भाकर कितीतरी भरीव होते, आणि हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला आलं नव्हतं. शेंगदाणे आहेत. १०० ग्रॅम दाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून ठेच्यात मिरची कमी आणि दाणे जास्त घाला. मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला, जे हंगामात स्वस्त असेल ते. आणि प्रत्येक ताटात लिंबाची फोड, ती जेवताना पिळायची, कढईत नाही. त्यातलं क जीवनसत्त्व भाकरीतलं लोह अंगी लावायला मदत करतं. मेहरूणची बोरं आली की तीही घ्या, ती तर पोरी सांगितल्याशिवाय खातात. घरात मटण-कोंबडी चालत असेल तर महिन्यातून दोनदा थोडी कलेजी आणा. लोहासाठी ती फार चांगली.

रेशनचं एक विचारते. तुमचं कार्ड अजून पारोळ्याचं असेल आणि धान्य आणायला कुणी जात नसेल, तर ते जळगावच्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. कार्डावर लेकीचं नाव आणि आधार जोडलेलं आहे ना, तेवढं पाहा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो फुकट असतं. एक नाव गळलं की घरात तेवढे पाच किलो कमी. आणि मध्यंतरी रेशनच्या तांदळात जे निराळे, जरा पिवळट दाणे दिसायला लागले, ते ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका निवडून फेकताना मी पाहिल्या आहेत. तो तांदळाच्याच पिठाचा दाणा आहे, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेलं असतं. असला दाणा दिसला तर फेकू नका. तुमची तर निवडायची सवय हाडात मुरलेली असणार, म्हणून मुद्दाम सांगते.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं. आता तुम्ही जे विचारलं नाही त्याकडे येते.

‘माले भूक नही.’ हे वाक्य मी बरंच ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ भूक नाही असाच निघाला असं नाही. माझी आई म्हणायची, ‘माझं पोट भरलंय, मी मघाशीच खाल्लं.’ आम्ही सहा जण जेवून उठलो की ती तवा खरवडायची, भाकरीचा करपलेला पापुद्रा आणि पातेल्याच्या बुडाची भाजी घेऊन चुलीकडे तोंड करून बसायची. मघाशी कधीच नसायचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा पाहुणे आले आणि भाकरी कमी पडतील असं दिसलं, तेव्हा मीही म्हणून गेले, ‘मला भूक नाही.’ कुणी सांगितलं नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिला कळलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

तुमच्याकडे भाकरी मोजून होतात का? रात्री सहा माणसांना किती? लेक अर्धी खाते, मग उरलेली अर्धी कुणाच्या ताटात जाते? भावांच्या जात असेल तर हे नखरे नाहीत, हा हिशोब आहे, आणि तिच्या ७८ टक्क्यांवरून तिचा हिशोब पक्का दिसतो. आणि तुम्ही सकाळी मिलमध्ये जाताना काय खाऊन जाता, हे पत्रात कुठेच नाही. लिहिणारीनं तुमचा एकही घास लिहिलेला नाही. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या डाळी निवडता आणि चहावर निघता, हे ती रोज पहाटे बघते. तिला ‘खा, खा’ म्हणण्यापेक्षा तिच्या शेजारी बसून तुम्ही खाल्लंत तर जास्त उपयोग होईल. रात्री सगळ्यांची ताटं एकदम वाढा. तवा बंद झाल्यावरच सगळ्यांनी बसायचं, दहा मिनिटं पोरं थांबतात, काही बिघडत नाही. आणि रक्त तपासायला तिला न्याल तेव्हा तुमचंही तपासून घ्या. मला तुमच्या आकड्याचीही काळजी आहे.

सकाळी चहा-टोस्ट का, हे समजतं. नळाचं पाणी, डबे, मिलची वेळ, सगळं एका तासात. म्हणून रात्रीच दोन भाकरी जास्त टाका. सकाळी त्या कुस्करून कांदा आणि मूठभर दाण्यांबरोबर फोडणीला घातल्या की पाच मिनिटांचं काम आहे. चहा घरी आल्यावर, संध्याकाळी. चहानं भूक मरते हे तुम्हाला मी सांगायला नको, मिलमधल्या सगळ्या बाया दुपारी तेच करतात. कुरकुऱ्याच्या पुडीवर मात्र मी बोलणार नाही. पाच रुपयांत स्वतःच्या मनानं विकत घेतलेली तिची तेवढीच एक गोष्ट असेल. खिशात दाणे-गुळाची पुडी पण असू द्या, हळूहळू बदल होईल.

शाळेचं बघा. आठवीपर्यंत तिला शाळेत खिचडी मिळत होती. नववीपासून ती बंद, कारण शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, शरीर सगळ्यात जास्त मागत असतं, आणि नेमकं तेव्हाच दुपारचं एक जेवण गळून पडतं. ते घरून भरायचं आहे हे कुणी आईला येऊन सांगत नाही. डबा नेते का ती? नेत असेल तर परत येताना तो उघडून बघा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याची बाटली बघा.

हसू नका. धुळ्यातल्या एका वस्तीत मी काही मुलींबरोबर बसायचे. त्यातली एक अशीच वाळत चालली होती, लघवीला जळजळ, डोकं दुखणं, दुपारी काही न खाणं. आईला वाटायचं अभ्यासाचं टेन्शन. एक दिवस तिची बाटली माझ्या हाताला लागली. सकाळी भरलेली, संध्याकाळी तशीच, झाकणाचं सीलसुद्धा ओलं नाही. विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, शाळेच्या संडासाला आतून कडी नाही. एक मैत्रीण दार धरते, दुसरी बाहेर उभी राहते. त्या दोघी आल्या नाहीत त्या दिवशी ही पाणी पीत नाही. आणि पाणी प्यायचं नाही तर डबा कसा खायचा, घशाखाली उतरत नाही. पाळीचे चार दिवस तर शाळाच बुडवायची. आणि हे पाणी न पिणं जूनच्या उकाड्यात, आपल्याकडच्या. पुढे कुणा एकीच्या वडिलांनी, ते सुतारकाम करायचे, शनिवारी जाऊन कडी बसवली. चार स्क्रू लागले. मी त्या पोरीवर आहारतक्ते लिहून देण्यात दोन महिने घालवले होते, त्याची आजही लाज वाटते.

तुमच्या वस्तीतही संडास सामायिक असेल आणि रात्री तिकडे जाणं तिला नको वाटत असेल, तर रात्रीच्या अर्ध्या भाकरीचं तेही एक कारण असू शकतं. विचारा तिला. ‘का जेवत नाहीस’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘भूक नही’ हेच येणार. ‘शाळेत संडासला जातेस का’ असं विचारा. बाहेर जायचं असेल तर रात्री तुम्ही बरोबर जा. शाळेत कडी, पाणी, दिवा नसेल तर पालकसभेत एकट्यानं उठू नका, तिघी-चौघी मिळून उठा.

आता चिडचीड, कोपरा, रात्रीचं जागणं. रक्त कमी असलं की माणूस थकतो, लक्ष लागत नाही, छोट्या गोष्टीला भडकतो. मन खचलं की जेवण तुटतं, जेवण तुटलं की रक्त उतरतं. यातलं आधी काय झालं हे शोधत बसू नका, दोन्हीकडून हात घाला. पण सगळंच रक्तावर ढकलूनही चालणार नाही. तुम्ही लिहिलंय ‘दिवाळीपासून’. दिवाळीत काय झालं? पाहुणे आले असतील. स्थळाचा विषय पहिल्यांदा कधी निघाला, तिच्या कानावर कधी पडला, आठवून बघा. नववीला ७८ टक्के मिळवलेल्या पोरीनं, दहावी म्हणजे शेवट असं ऐकलं असेल, तर अभ्यास कशासाठी आणि जेवण तरी कशासाठी, असं तिला वाटलं तर नवल नाही.

अठराच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि लावणारे सगळे त्यात येतात. घरात ऐकलं गेलं नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. पण मला वाटतं तुम्हाला सासूबाईंशी भांडण नको आहे, आणि त्याही वाईट नसाव्यात. त्यांनी स्वतः याच वयात संसार केला असणार. कायदा त्यांना सांगू नका. त्यांना बरोबर घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा, ‘इतकं रक्त असलेल्या पोरीचं बाळंतपण झालं तर काय होतं?’ त्यांच्या पिढीनं अशा बाळंतिणी गेलेल्या पाहिल्या आहेत. त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. आणि लेकीला तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा की अकरावीत नाव घालणार. ‘बघू’ म्हणू नका. ठरवलं असेल तरच बोला, पण लवकर ठरवा.

‘बाहेरचं’ म्हणणारीचं काय करायचं? मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, दोन रुपयांचा खर्च आहे आणि आजी नातीला जवळ घेऊन बसते हा फायदाच. पण उपास सांगणाऱ्या, पैसे मागणाऱ्या, धुरी देणाऱ्या कुणाकडे नेऊ नका. तिचे काही उपास चालू असतील तर रक्त वर येईपर्यंत ते तुम्ही करा असंही नाही, देवालाच सुट्टी द्या.

एक गोष्ट मात्र न लाजता बघायची आहे. हातावर ब्लेडच्या रेघा, ‘मी नसले तर बरं होईल’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू मैत्रिणींना वाटून टाकणं, दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस नसणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा, ‘तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरी मोकळ्या होतात. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलमध्ये मनोविकाराच्या विभागात न्या. घरात उंदराचं औषध, फवारणीचं औषध, जास्तीच्या गोळ्या असतील तर आजच बाहेर काढा, ती काही बोललेली नसली तरी. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तुम्हीही लावू शकता, ‘माझ्या लेकीशी कसं बोलू’ एवढंच विचारायला. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची खोली असते, तिथे खाणं, पाळी आणि मन यांबद्दल एकाच ठिकाणी बोलता येतं. केसपेपर काढताना ‘मैत्री क्लिनिक कुठे’ असं विचारा.

इथून पुढचं लेकीसाठी.

पोरी, तो खोडलेला शब्द मी वाचला. तो खोडायची गरज नव्हती. आई सांगत असताना आपल्याबद्दलचं असं सगळं आपल्याच हातानं लिहिणं सोपं नाही, तरी तू पूर्ण लिहिलंस आणि पाठवलंस. म्हणजे तुलाही काहीतरी बदलायला हवं आहे, असं मी समजते.

तू भावांवर हात उगारतेस, याचं तुला नंतर वाईट वाटत असेल. रिकाम्या पोटी आणि अर्ध्या रक्तावर माणूस असाच होतो. तू वाईट झालेली नाहीस. त्यांना मारू नकोस, पण स्वतःलाही शिव्या देऊ नकोस. केस रक्त वाढलं की थांबतील, लगेच नाही, तीन-चार महिने धर. बारीक दिसायला म्हणून खाणं सोडलं असशील, कुणी काही बोललं असेल, तर ते आईला किंवा मोकळेपणानं बोलता येईल अशा एखाद्या बाईंना सांग.

गोळी तू स्वतः घ्यायची, आईनं मागे लागेपर्यंत थांबायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर तारखा लिही आणि खूण कर. अभ्यासाला बसताना दाण्यांची वाटी शेजारी ठेव. प्रार्थनेला उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर मुकाट्यानं खाली बस, कुणी रागावलं तरी बस. आणि भाकरीचं एक सांगते. घरात काय पुरेल आणि काय नाही, याचा हिशोब आईबाबांकडे राहू दे. दुसरी अर्धी तुझी आहे. खरंच कमी पडत असेल तर ‘भूक नही’ म्हणू नकोस, ‘कमी पडतं’ असं म्हण. त्यावर काहीतरी करता येतं, रेशन आहे, पीठ आहे. ‘भूक नही’वर कुणालाच काही करता येत नाही.

रात्री झोप येत नसेल आणि विचार फार येत असतील तर आईचा फोन घे आणि १४४१६ लाव. फोनवर रडलीस तरी चालतं.

ताई, आता तुमचं अंडं. चालेल, रोज एक चालेल. उष्ण वगैरे काही पडत नाही, उन्हाळ्यातही उकडलेलं एक अंडं त्रास देत नाही. त्यात प्रथिनं आणि बी-१२ आहे, सात-आठ रुपयांत याहून बरं काही मिळत नाही. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा. सासूबाईंना चुलीवर चालत नसेल तर शेजारणीकडे उकडून घ्या, वाद घालत बसू नका. दोन उकडा, एक तिच्यासमोर तुम्ही खा. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा, अंडी टिकत नाहीत ही अडचण मात्र खरी आहे. फ्रीज नसेल तर एकदम डझन आणू नका, दोन दिवसांची आणा आणि माठाच्या सावलीला ठेवा. शंका आली तर भांडंभर पाण्यात सोडून बघा. बुडालं तर उकडा, वर तरंगलं तर टाकून द्या.